वस्तरा चालू असताना मत मागू नये

आमच्या ह्यांना नियम दिसला की तो पाळायची खोड आहे. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असं लिहिलेलं असलं की हे ती इतकी हलवतात, की आजारी माणसाला नुसतं बघूनच चक्कर यावी. दवाखान्यात ‘शांतता राखा’ची पाटी दिसली, तर डॉक्टरांनी काय होतंय असं विचारल्यावरसुद्धा हे खुणेनेच सांगतात. असा माणूस सलून चालवतोय तोवर ठीक आहे, त्याने निवडणुकीला उभं राहू नये. निवडणुकीत नियम खंडीभर असतात, आणि ते सगळेच्या सगळे पाळणारा उमेदवार आजवर कुणी पाहिलेला नव्हता. तो आमच्याच घरात निघाला, आणि त्यापायीच त्यांची उमेदवारी जायची वेळ आली.

आमचं सलून म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन खुर्च्या, त्यातली एक कुणी बसलं की आपोआप डावीकडे वळते. समोर भिंतभर आरसा, थांबणाऱ्यांसाठी एक बाकडं आणि त्यावर पुढचं पान नसलेली वर्तमानपत्रं. मागे पडदा. पडद्यामागच्या खोलीत मी बायकांच्या भुवया कोरते. पडदा जरा सरकवला की आरशात मला अख्खं सलून दिसतं, आणि मी तो कायम जरा सरकवलेलाच ठेवते. ह्यांना वाटतं, हवेसाठी.

हे काम शिकले ते फुग्यावर. तेव्हाच्या दुकानाचे मालक फुगा फुगवून त्याला फेस लावायचे आणि ह्यांच्या हातात वस्तरा द्यायचे. फुगा फुटला की दोन आवाज व्हायचे, एक फुग्याचा आणि एक ह्यांच्या कानाखाली. पुढे पुढे फुगे फुटेनासे झाले, आणि एक दिवस मालकांनी स्वतःचा गाल पुढे केला. तेव्हा जो हात स्थिर झाला तो आजतागायत स्थिर आहे. बोलणं मात्र बेताचं. गिऱ्हाईक बोलतं, हे ‘हं’ म्हणतात. सासूचं, साहेबाचं, गुडघ्याचं, सगळ्या वॉर्डाचं गाऱ्हाणं ह्यांच्या कानात येऊन पडतं आणि तिथेच राहतं.

त्यातलं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं गटाराच्या झाकणाचं. आमच्या दारापासून जरा पुढे एक झाकण तुटलं होतं. त्यात आधी पोस्टमन पडला, मग एक कुत्रं पडलं, मग मी पडले. कुत्रं आपलं आपण वर आलं, मला मात्र चौघांनी ओढून काढावं लागलं, हे लोकांनी फार दिवस चवीने सांगितलं. आमचे तेव्हाचे नगरसेवक केस कापायला यायचे. हे त्यांना दर खेपेला झाकणाचं सांगायचे आणि ते डोळे मिटून ‘बघतो’ म्हणायचे. मिटल्या डोळ्यांनी हा माणूस बघणार काय, असा प्रश्न ह्यांना पडायला बरीच वर्षं लागली. पण पडला. यंदा नगरसेवक उभे राहणार नाहीत असं कळलं, त्या संध्याकाळी हे केस झाडता झाडता म्हणाले, “अगं, मी अर्ज भरतो.”

“कसला अर्ज?”

“नगरसेवकाचा. एकदा झाकण बसलं की आपला मोकळा.”

जाहीरनामा एका शब्दाचा होता. ‘झाकण’. छापखानेवाला म्हणाला, कागद फार रिकामा दिसतोय, अजून काहीतरी घाला. ह्यांनी विचार करून वर ‘गटाराचं’ घातलं.

समोर उभे होते रस्त्यापलीकडचे औषधवाले. चार लोकांत ऊठबस असलेला माणूस, बोलायला वाघ. त्यांच्या जाहीरनाम्याला घड्या होत्या. पण केस त्यांनाही येतात, आणि वॉर्डात नीट केस कापणारे हेच, त्यामुळे प्रचारात ह्यांच्यावर टीका करून औषधवाले डोकं घेऊन आमच्याच दुकानात यायचे. हेही मनात काही न ठेवता दोन्ही कल्ले अगदी सारखे ठेवायचे. मी असते तर एक वर ठेवला असता.

आता माझे बाबा. बाबा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, पण नजर गेली नाही. घरी पाहुणा आला तरी हा कुठे चढला आणि कुठे उतरणार, याचा अंदाज घेत बसतात. एकदा बसमध्ये त्यांनी माझ्या आईलाही दंड लावला होता. आमच्या लग्नाच्या वेळी “डोकी भादरणाऱ्याला मुलगी द्यायची का?” म्हणून ते अडून बसले, तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही तरी जन्मभर लोकांच्या खिशातच बघत आलात ना?” लग्न झालं. तेव्हापासून बाबा दर शनिवारी ह्यांच्याकडे दाढीला येतात. आई गेल्यावर तर एकही शनिवार चुकला नाही. पण ह्यांच्या हाताला कधी बरं म्हणाले नाहीत. ‘ठीक आहे’ एवढंसुद्धा नाही. मला ते लागायचं, अगदी आतून लागायचं, आणि मी बाबांना तसं बोलूनही दाखवायचे. बाबा म्हणायचे, “वाईट असतं तर आलो असतो का?” हे म्हणायचे, “हं.”

अर्ज भरल्यावर सगळ्या उमेदवारांना एका सभागृहात बोलावलं. निवडणूक अधिकारी एरवी जमीन मोजणी खात्यात होते, त्यामुळे ते नियमही मोजून मापून वाचत होते. मतदाराला काही भेट द्यायची नाही. धाक दाखवायचा नाही. समोरच्याच्या घरगुती गोष्टी काढायच्या नाहीत. मतदानाच्या आधी प्रचार बंद म्हणजे बंद. बाकीचे उमेदवार मोबाइल बघत होते. आमचे हे लिहून घेत होते. शेवटी कुणाला काही शंका आहे का, असं साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणि ह्यांनी हात वर केला.

“साहेब, मतदाराच्या गळ्याशी आपला वस्तरा आहे, अशा वेळी मत मागितलं तर तो धाक होतो का?”

सभागृह हसलं. औषधवाले तर टाळी वाजवून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली आणि म्हणाले, “मागू नका.”

दुसऱ्या दिवशी आरशाच्या वर पाटी लागली : ‘वस्तरा चालू असताना राजकारण बंद. राजकारण चालू झाल्यास वस्तरा बंद.’

तिथून आमच्याकडे जो तमाशा सुरू झाला तो तिकीट लावून दाखवण्यासारखा होता. दुकानात हे न्हावी आणि फुटपाथवर उमेदवार. कुणी दुकानात शिरून “काय, यंदा येणार ना निवडून?” म्हणालं की वस्तरा थांबायचा. हे एप्रन काढायचे, त्या माणसाला घेऊन बाहेर जायचे, हात जोडून “लक्ष असू द्या” म्हणायचे, परत आत येऊन एप्रन बांधायचे. खुर्चीतल्याच गिऱ्हाइकाने विषय काढला तर त्यालाही बाहेर जावं लागे. फुटपाथवर अर्ध्या तोंडाला फेस लावलेली, गळ्यात कापड गुंडाळलेली माणसं गटारावर चर्चा करताना दिसायची. एका गृहस्थांची बस तशीच आली आणि ते तसेच चढून गेले. संध्याकाळी कापड परत करायला आले तेव्हा म्हणाले, बसमध्ये लगेच जागा मिळाली.

मग भेटवस्तूचा नियम. ह्यांची एक पद्धत होती. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ते बंद झालं. लोक कुरकुरले. पण खरी पंचाईत बाबांची. बाबांकडून हे कधीच पैसे घेत नसत, सासऱ्याकडून कोण घेतो? ह्यांनी निवडणूक कार्यालयात फोन लावला. “सासऱ्यांची दाढी फुकट केली तर चालते का?” पलीकडे बराच वेळ पानं उलटली गेली. मग आवाज आला, “सासरे त्याच वॉर्डात राहतात का? मग ते मतदार.”

बाबांना हे सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि शनिवारी दाढीनंतर टेबलावर नाणी अशी आपटली, की मागच्या खोलीत मी भुवई कोरत होते त्या बाईने विचारलं, काय फुटलं. पैसे दिल्यावर बाबा गिऱ्हाईक झाले, आणि गिऱ्हाईक झाल्यावर त्यांना कंठ फुटला. फेस गार आहे. टॉवेल खरखरीत आहे. खुर्ची डावीकडे का वळते? इतक्या वर्षांची तक्रार त्यांनी म्हणे नात्याखातर दाबून ठेवली होती.

मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. औषधवाले सुट्टे पैसे नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवतात. ही मतदाराला भेट नाही तर काय, अशी तक्रार मी ठोकून दिली. साहेबांचं लेखी उत्तर आलं : ‘सुट्ट्या पैशांऐवजी दिलेली गोळी ही भेट नसून सक्ती आहे, व ती निवडणूक जाहीर होण्याच्या आधीपासून चालू असल्याचे आढळते.’ ह्यांनी मला विचारलं, हे पाकीट कसलं आलंय. मी म्हटलं, विजेचं बिल.

आणि मग तो शनिवार आला. बाबा खुर्चीत, अर्धी दाढी झालेली. बाकड्यावर औषधवाले वर्तमानपत्र घेऊन नंबर लावून बसलेले. मी पडद्याआडून आरशात बघतेय. ह्यांनी बाबांच्या गळ्याची कातडी दोन बोटांनी ताणली, वस्तरा कंठाच्या खाली टेकवला, आणि नेमके तेव्हाच बाबा बोलले.

“जावईबापू, समजा मी तुम्हाला मत दिलंच नाही, तर काय कराल?”

वस्तरा थांबला.

पाटीवरच लिहिलेलं होतं, राजकारण चालू तर वस्तरा बंद. एरवी हे वस्तरा उचलून बाजूला ठेवत. पण ताणलेल्या कातडीवरून मध्येच उचलला तर चरा पडतो, त्यामुळे तो होता तिथेच थांबला, म्हणजे बरोबर गळ्यावर. उत्तर द्यावं तर दुकानात राजकारण. बाहेर न्यावं तर सासरे, अर्धवट, फेसाचे. हे नुसते उभे राहिले, विषय बदलायची वाट बघत. बाबांना विषय बदलता येईना, कारण आवंढासुद्धा गिळता येत नव्हता. दुकानात पंखा तेवढा फिरत होता. शेवटी बाबा जबडा न हलवता म्हणाले, “बरं बरं, देतो.”

वस्तरा पुढे सरकला. वर्तमानपत्राच्या कडेवरून औषधवाल्यांचे दोन डोळे आरशात चमकले. औषधवाले नंबर सोडून, डोकं तसंच घेऊन उठून गेले.

तक्रार त्याच संध्याकाळी दाखल झाली. ‘मतदाराने नकार दर्शवताच उमेदवाराने त्याच्या गळ्यावर वस्तरा रोखला, व होकार मिळेपर्यंत काढला नाही.’ यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की यात खोटं काहीच नव्हतं. मतदाराला धाक दाखवल्याचं सिद्ध झालं तर उमेदवारी रद्द, वर खटला. वस्तऱ्याचा खटला झाल्यावर त्या दुकानात गळा घेऊन कोण येणार? झाकणाच्या नादात आमचं घरदार गटारात जायची वेळ आली होती.

हे म्हणाले, “मी नियमच पाळत होतो.”

“तेच सांगते मी,” मी म्हटलं. “एखादा मोडला असता तर ही वेळ आली नसती.”

मी बाबांकडे गेले. त्यांना सांगितलं, साहेब विचारतील भीती वाटली का, तुम्ही फक्त नाही म्हणा. बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, “विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. मी तुझ्या आईला सोडलं नव्हतं.” मी रागाने रडले. बाबांनी चष्मा पुसायचा रुमाल माझ्यापुढे केला आणि परत मागून घेतला.

चौकशीला साहेब दुकानातच आले, बरोबर एक कॅमेरावाला. आधी त्यांनी खुर्ची, आरसा आणि बाकडं यांतली अंतरं फीत लावून मोजली, खात्याची सवय. मग औषधवाल्यांनी जबाब दिला. हातवारे करून, दोनदा, दुसऱ्यांदा कॅमेऱ्याकडे तोंड करून. साहेब म्हणाले, “प्रात्यक्षिक बघावं लागेल.” बाबा म्हणाले, मी शनिवारशिवाय दाढी करत नाही. औषधवाले म्हणाले, मी विरोधी उमेदवार आहे, मी बसणार नाही. कॅमेरावाल्याला दाढी नव्हती. मग साहेबांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. निवडणूक लागल्यापासून बिचाऱ्यांना वेळ मिळालेला दिसत नव्हता. ते खुर्चीत बसले आणि डावीकडे वळले. कॅमेराही वळला.

हे वस्तरा घेऊन थांबले. “साहेब, फुकट केली तर अधिकाऱ्याला लाच होईल का?”

“होईल,” साहेब म्हणाले. “पैसे देणार आहे. पावती लागेल.”

फेस झाला. एक गाल झाला. ह्यांनी गळ्याची कातडी ताणून वस्तरा टेकवला आणि साहेबांनी, ठरल्याप्रमाणे, छताकडे बघत म्हटलं, “समजा, मी मत देणार नाही.”

वस्तरा थांबला. साहेबांचे डोळे आरशात मोठे झाले. औषधवाले पुढे सरकले. मी पडदा पार उघडून उभी होते, आता हवेचं निमित्त राहिलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने साहेबांनी हाताने खूण केली, वस्तरा बाजूला झाला आणि त्यांनी श्वास सोडला.

“काय वाटलं साहेब?” औषधवाल्यांनी घाईने विचारलं.

“गार वाटलं,” साहेब म्हणाले. मग प्रामाणिकपणे थोडा विचार करून म्हणाले, “आणि बाहेरची गाडी ऐकू यायची बंद झाली.”

औषधवाले खूश झाले. साहेब अर्ध्या फेसासकट बाबांकडे वळले, म्हणजे खुर्ची उलटीकडे वळत नसल्यामुळे त्यांना पूर्ण फिरून यावं लागलं. “तुम्ही सांगा. तुमच्या गळ्यावर वस्तरा थांबला, तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?”

“वाटली,” बाबा म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पट्ट्यावर वस्तरा घासत होते, खाली मान घालून.

“वस्तऱ्याची?” साहेबांनी विचारलं.

“वस्तऱ्याची कशाला?” बाबा चिडलेच. “इतकी वर्षं फिरतोय तो माझ्या गळ्यावरून. वस्तरा काय करणार आहे? मी विचारलं, मत दिलं नाही तर काय कराल, आणि हा माणूस नुसता थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हा खरंच निवडून आला तर? हा जाणार सभांना. फाइली घेऊन हिंडणार. दुकानात कुणालातरी पगारावर बसवणार. मग माझी दाढी कोण करणार?”

“दुसरीकडेही होते की दाढी,” औषधवाले म्हणाले.

“तुम्ही का जात नाही दुसरीकडे?” बाबांनी विचारलं, आणि औषधवाल्यांचा हात आपल्या न कापलेल्या केसांकडे गेला.

बाबा साहेबांकडे वळले. आवाज तोच, विनातिकीट प्रवाशाला खाली उतरवतानाचा. “माझा हात हलतो. मला माझी करता येत नाही. हिची आई होती तोवर कुणीतरी सांगायचं, इथे राहिलीय, तिथे राहिलीय. आता आठवडाभर माझ्या तोंडाला कुणाचा हात लागत नाही. शनिवारी याचा लागतो. हा गाल धरतो, मान वळवतो, बोलत नाही, गडबड करत नाही. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही. त्याची मला भीती वाटली. लिहा.”

ह्यांचा वस्तरा पट्ट्यावर थांबला होता. जो शब्द ऐकायला मी इतकी वर्षं कान टवकारून बसले होते, तो बाबांनी शेवटी उच्चारला तो सरकारी कॅमेऱ्यासमोर, जावयाविरुद्धच्या चौकशीत, आणि तोही तक्रार म्हणून. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी साहेबांचा टॉवेल गरम करायला आत गेले.

साहेबांनी उरलेली दाढी करून घेतली. मग आरशात दोन्ही गाल तपासून त्यांनी निकाल सांगितला. मतदाराला भीती वाटली हे खरं. पण ती उमेदवाराच्या वस्तऱ्याची नव्हती, उमेदवार निवडून येण्याची होती. उमेदवार निवडून येईल अशी भीती वाटणं हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. तो मतदाराचा हक्क आहे आणि बरेचसे मतदार तो बजावतात. तक्रार फेटाळली. पावती घेतली आणि गेले.

प्रचार थांबायची वेळ आली तेव्हा ह्यांनी प्रचाराबरोबर बोलणंच थांबवलं. मी म्हटलं, अहो, भाजी काय करू हे सांगायला बंदी नाही. ह्यांनी पुस्तिका दाखवली, त्यात भाजीला सूट असल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी बाबा काठी टेकत आले, केंद्रात गेले, बाहेर आले. मी लांब उभी राहून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. पण लोकांचे चेहरे वाचून ज्याने पोट भरलं, त्याचा चेहरा कोण वाचणार? त्यांनी बोटाची शाई दाखवली आणि घरी गेले.

मोजणी झाली, आणि दोघांना मतं सारखी पडली.

पुन्हा मोजली. पुन्हा सारखी. अशा वेळी चिठ्ठी काढायची असा कायदा आहे म्हणे. साहेबांनी दोन नावं लिहिली, दोन घड्या घातल्या, डबा हलवला. तो हलवताना मला औषधाची बाटली आठवायला हवी होती, पण मला फक्त बाबा दिसत होते. त्यांनी ह्यांना मत दिलं असेल, तर त्यांच्यामुळे बरोबरीपर्यंत आलो. औषधवाल्यांना दिलं असेल, तर जिंकलेली निवडणूक माझ्या बापाने डब्यात घातली. साहेबांनी चिठ्ठी उचलली. नाव औषधवाल्यांचं निघालं.

औषधवाल्यांनी पहिलं काम झाकणाचं केलं, हे त्यांच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल, आणि ती मी आहे. झाकणावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. हे संध्याकाळी दुकान बंद करून तिथे गेले, झाकणावर उभे राहिले, दोन उड्या मारल्या आणि परत आले. “बसलंय,” म्हणाले. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. “गिऱ्हाइकांना चालायला बरं झालं,” म्हणाले, आणि जेवायला बसले. मला मात्र बाबांचं मत कुणाला पडलं ते कळायलाच हवं होतं.

त्या शनिवारी बाबा आले. आल्या आल्या विचारलं, “आचारसंहिता संपली ना?”

“संपली,” हे म्हणाले.

“मग पैसे देणार नाही,” बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसून डावीकडे वळले.

पाटी काढलेली होती. निवडणूक झालेली होती. आता विचारायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती, किंवा असली तरी मला ती मान्य नव्हती. मी पडद्यातून ह्यांना खुणावलं. विचारा. ह्यांनी आरशात मला बघितलं आणि फेस लावला. मी परत खुणावलं, भुवयांनी, माझा धंदाच तो आहे. ह्यांनी वस्तरा उघडला. एक गाल झाला, दुसरा झाला. मग गळ्याशी आल्यावर बाबाच म्हणाले, “जावईबापू, काही विचारायचं असेल तर विचारा. मी सांगेन. खरंच सांगेन.”

वस्तरा थांबला. बाकड्यावरचे दोघे वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. मी तर दोरा तोंडात धरून उभी होते, समोरच्या बाईची एकच भुवई कोरून झालेली.

हे म्हणाले, “मान जरा वर करा, बाबा.”

बाबांनी मान वर केली. पार वर, छतापर्यंत, सगळा गळा ह्यांच्या हातात दिला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने ते घोरायला लागले. हे एका हाताने त्यांची हनुवटी तोलून, वस्तरा बाजूला धरून उभे राहिले आणि थांबलेल्यांना डोळ्यांनीच म्हणाले, जरा वेळ लागेल.

बाबांनी मत कुणाला दिलं ते मला अजून माहीत नाही. ह्यांनी विचारलं नाही, आणि आता कधी विचारतील असंही दिसत नाही. मी दोघांशीही दोन दिवस बोलले नाही.